भीमगीतांच्या स्पर्धेत गुणवत्ता कोणाची?

जयंतीच्या दिवसांत ठाणे-बेलापूर पट्ट्यातील वस्त्यांत अलीकडे एक चांगली गोष्ट दिसते. नुसता डीजे लावण्याऐवजी काही तरुण भीमगीतांवर प्रश्नमंजूषा ठेवतात. पावण्यातील अशाच एका कार्यक्रमाला आम्ही हजर होतो. उपक्रम स्तुत्य होता, याबद्दल वाद नाही. पण तेथे जे घडले, त्यावर समाजाने विचार करावा म्हणून हा लेखनप्रपंच.

गाण्याचा मुखडा वाजला आणि समोर बसलेल्या एका आजीने पुढची सगळी कडवी बसल्या जागी म्हणून दाखवली. 1972 च्या दुष्काळात मराठवाडा सोडून आलेली, खडी फोडून लेकरे वाढवलेली ही माउली! पण प्रश्न होता, ही कॅसेट कोणत्या कंपनीने काढली? एका मुलाने आधी बटण दाबले, उत्तर दिले, टाळ्या घेतल्या. आजी एवढेच म्हणाली, “गाणं येतंय बाबा मला, कंपनी कुठून ठावं असणार?”

दोष त्या मुलाचा नाही, प्रश्न काढणाऱ्यांचा आहे. ज्याच्या हाती प्रश्नपत्रिका, त्याच्या घरचे ज्ञान म्हणजे गुणवत्ता, हा डाव आपल्या समाजाला नवा आहे काय? राखीव जागांच्या लढ्यात आपण हेच तर सांगत आलो. मग आपल्याच मंडपात, बाबासाहेबांच्या प्रतिमेसमोर, तोच डाव आपण आपल्याच माणसांवर का खेळावा?

भीमगीत टिकले कसे, हे आठवून पाहा. भीमराव कर्डकांचे जलसे बाबासाहेबांच्या हयातीतच गावोगाव पोहोचले. तेव्हा घरोघर कॅसेट नव्हती. लोकांनी गाणे कानाने घेतले आणि कंठात जपले. महाकवी वामनदादा कर्डक (1922-2004) मुंबईत कष्ट करता करता प्रौढ वयात अक्षरे शिकले. त्याआधी कोणी त्यांची लेखी परीक्षा घेतली असती, तर वामनदादाच पहिल्या फेरीत बाद झाले असते!

दुसरी गोष्ट कवीची. प्रल्हाद शिंदे यांचा आवाज घराघरांत पोहोचला, त्याचा आम्हाला अभिमानच आहे. पण स्पर्धेत प्रत्येक वेळी गायकच विचारला जातो, गीतकार कोणी विचारत नाही. कोणतेही जुने गाणे सरसकट वामनदादांच्या नावावर टाकण्याची सवयही वाढली आहे. त्यामुळे वामनदादा मोठे होत नाहीत, ते मोठे आहेतच. पुसला जातो तो दुसरा एखादा गरीब कवी. आपल्या शाहिरांची रीत अशी, की शेवटच्या कडव्यात कवी आपले नाव गुंफतो. शेवटचे कडवे कापले की कवी गेलाच. मग ते कडवे वाजवा आणि विचारा, यात कवी कुठे दडला आहे? पाहा मंडप कसा कान टवकारतो!

2000 साली ‘कौन बनेगा करोडपती’ आले आणि आधी बटण दाबील तो शहाणा, हे सर्वांच्या डोक्यात बसले. आम्ही म्हणतो, बटण बाजूला ठेवा. संघ चौघांचा करा. त्यात एक आजी किंवा आजोबा, एक गृहिणी, एक कामगार आणि एक विद्यार्थी असावा. प्रत्येक संघाला आळीपाळीने संधी आणि पुरेसा वेळ द्या. चुकले तर गुण कापू नका. पहिली फेरी सर्वांना येईल अशी ठेवा, अवघड प्रश्न नंतर. गायकाला जेवढे गुण, तेवढेच गीतकाराला. कडवे गाऊन दाखवील त्यालाही तेवढेच. कडूबाई खरात यांना मोबाईलवर ऐकलेल्या पोरांसाठी आजची गाणी हवीत, तशी आजीसाठी जलशाच्या काळातलीही हवीत. उत्तराला छापील संग्रहाचा किंवा कॅसेटच्या वेष्टनाचा आधार हवा. तो नसेल तर प्रश्नच वगळा. आणि प्रश्न काढणाऱ्याच्या घरचे कोणी स्पर्धेत नको!

गाण्यामागचा इतिहासही विचारा. 11 जुलै 1997 रोजी घाटकोपरच्या रमाबाई नगरात गोळीबार झाला, 10 जणांचे प्राण गेले. त्या वेदनेने चार दिवसांनी आपले जीवन संपवणारा शाहीर कोण? विलास घोगरे हे नाव आपल्या पोरांना सांगता आले पाहिजे. कंपनीचे नाव नाही आले तरी चालेल.

खेळात मजा हवीच. पण हरलेला संघसुद्धा एक नवे गाणे आणि एका विसरलेल्या कवीचे नाव घेऊन घरी गेला, तरच तो आपला खेळ. पुढच्या 14 एप्रिलची वर्गणी फिरेल, तेव्हा मंडळांच्या कार्यकर्त्यांनी वस्तीतल्या आज्यांकडे वहीपेन घेऊनही जावे. प्रश्नपत्रिका त्यांच्याकडून तयार करून घ्यावी. निम्म्या उत्तरांसाठी कोणाला मोबाईल उघडावा लागणार नाही.

जयभीम!