‘ही कुठं गेली?’

घरातले वडीलधारे माणूस विसरू लागले की आपल्याकडे पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते : ‘वय झालं, चालायचंच.’ साठी बुद्धी नाठी ही म्हण तर सगळ्यांच्या तोंडी आहे. या एका म्हणीने किती घरांचे नुकसान होते, ते आम्हा डॉक्टर मंडळींना दवाखान्यात बसून दिसते. आजचा विषय मात्र नुसत्या विसरण्याचा नाही. ज्या घरात विसरणारे माणूस आहे त्याच घरात एखादा मृत्यू झाला, तर मागे राहिलेल्यांनी एकमेकांशी कसे वागायचे, याबद्दल थोडे लिहायचे आहे. यात माझीही एक चूक झाली होती, तीही सांगणार आहे.

आमच्या गावातले एक कुटुंब आहे. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) वडील एस. टी.तून निवृत्त झालेले कंडक्टर. त्यांना आपण अण्णा म्हणू. वय अठ्ठ्याहत्तर. थोरला मुलगा आणि सून त्यांच्याजवळ, धाकटा पुण्यात नोकरीला, मुलगी शेजारच्या तालुक्यात दिलेली. दोन वर्षांपूर्वी श्रावणात अण्णांच्या पत्नी हृदयविकाराच्या झटक्याने अचानक गेल्या. दिवसकार्य झाले, पाहुणे पांगले आणि चौदाव्या दिवशी सकाळी चहाचा कप हातात घेऊन अण्णांनी सुनेला विचारले, ‘‘ही कुठं गेली? अजून उठली नाही का?’’

दहाव्याला अण्णा स्वतः घाटावर होते. त्यामुळे घरच्यांना वाटले, धक्क्याने बोलत असतील. पण प्रश्न रोज येऊ लागला, पुढे दिवसातून सात-आठ वेळा. मग एकेक गोष्ट उमगत गेली. अण्णांच्या गोळ्या त्या माउलीच काढून देत. बँकेत त्याच बरोबर जात. कोणी पाहुणा दारात आला की आतून मोठ्याने म्हणत, ‘‘इंदापूरचे भाऊजी आले वाटतं!’’ तेवढा धागा अण्णांना पुरे होई. निदान तीन वर्षे हे चालले असावे. त्यांनी मुलांना कधी कळू दिले नाही.

असे मी पुष्कळ घरांत पाहिले आहे. नवरा-बायकोतले एक जण दुसऱ्याची आठवण सांभाळत असते. ते गेले की त्याच दिवशी दुसऱ्याचा आजार उघडा पडतो. लोक म्हणतात, बायको गेल्याच्या धक्क्याने म्हातारा बिथरला. बहुतेक वेळा तसे नसते. आजार आधीपासून असतो, त्याच्यावरचा पदर तेवढा जातो. आणि मुलांवर मात्र एकाच महिन्यात दोन दुःखे कोसळतात. आईसाठी रडायला बसावे तर वडील विचारतात, आई कुठे आहे.

अशा वेळी आधी तपासणी. याला फाटा देऊ नये. ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता (शाकाहारी माणसांत ती फार आढळते), थायरॉईडचे काम मंदावणे, झोपेच्या गोळ्या, कमी ऐकू येणे, पडल्यानंतर मेंदूच्या आवरणाखाली साठलेले रक्त, आणि ज्याला आम्ही नैराश्य म्हणतो ते, या सर्वांमुळे माणूस विसरभोळा दिसू शकतो आणि यांतल्या बहुतेकांवर उपाय आहेत. जोडीदार गेल्यानंतर तर नैराश्याची शंका घ्यायलाच हवी. अण्णांचे ब-१२ कमी निघाले. इंजेक्शने दिली, अंगात थोडी तरतरी आली. पण जिल्ह्याच्या ठिकाणी तज्ज्ञांनी तपासल्यावर निदान झाले ते अल्झायमरचेच. या आजारावरच्या नेहमीच्या गोळ्यांनी काहींना काही काळ थोडा आधार मिळतो, आजार थांबत नाही. हे घरच्यांना स्पष्ट सांगावे लागते. हा आजार दुर्मीळ नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार आपल्याकडे साठीच्या पुढच्या शंभरांतल्या सुमारे सात जणांना स्मृतिभ्रंश आहे, म्हणजे जवळजवळ ८८ लाख माणसे. आणि शहरांपेक्षा खेड्यांत त्याचे प्रमाण जास्त आढळले.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. ‘ही कुठं गेली?’ याला घरात तीन उत्तरे तयार झाली. थोरला मुलगा सरळ स्वभावाचा. तो दर वेळी सांगे, ‘‘अण्णा, आई वारली.’’ अण्णा दर वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखे हंबरडा फोडत. सून हे पाहू शकेना. मी तिला म्हटले, ‘‘देवळात गेल्यात म्हणून सांगत जा.’’ हीच माझी चूक. माझा सल्ला अर्धा होता, कारण पुढे काय करायचे ते मी सांगितलेच नाही. आणि धाकट्याने पुण्याहून फोनवर एकदा आणखी पुढची मजल मारली, ‘‘आई माहेरी गेलीये, संध्याकाळच्या गाडीनं येईल.’’

अण्णांनी तीस वर्षे गाडीवर काढलेली. संध्याकाळची गाडी म्हटल्यावर ते घरी कसे बसतील? पायात चपला नाहीत, अंगात बनियन, आणि पावसात रात्री साडेनऊपर्यंत स्टँडवर उभे. डेपोतल्या जुन्या माणसांनी ओळखले म्हणून घरी पोचवले. (‘अस्तु’ हा सुमित्रा भावे-सुनील सुकथनकर यांचा चित्रपट ज्यांनी पाहिला असेल त्यांना अशा वेळी घराचे काय होते ते सांगायला नको. न पाहिलेल्यांनी अवश्य पाहावा.) त्या रात्री दोघा भावांची फोनवर जी जुंपली, ती पुढे चार महिने बोलणे बंद.

त्यातच पाटल्यांचे प्रकरण उपटले. आईच्या दोन पाटल्या सापडेनात. अण्णांनी मुलीला सांगितले, ‘‘सुनेनं घेतल्या.’’ या आजारात असा संशय येणे अगदी नेहमीचे आहे. वस्तू स्वतःच कुठे तरी ठेवायची, विसरायचे, आणि जे माणूस सर्वांत जवळ वावरते त्याच्यावर आळ घ्यायचा. मुलीला हे ठाऊक नव्हते. तिने उघड काही म्हटले नाही, पण दिवाळीला माहेरी आली नाही. चोवीस तास सेवा करणारी सून चोर ठरली, खरे बोलणारा थोरला निर्दय ठरला आणि वडिलांना रडवायचे नाही म्हणून थाप मारणारा धाकटा बेजबाबदार ठरला. तिघांपैकी कोणाच्याही मनात वाईट नव्हते.

मला वाटते, मृत्यूची बातमी एकदा सांगायलाच हवी. ती घडते त्या वेळी, हात हातात घेऊन, साध्या शब्दांत. अशा माणसाला अंत्यदर्शनापासून, दिवसकार्यापासून दूर ठेवू नये. तो त्यांचा हक्क आहे. मात्र नंतर दर वेळी तीच बातमी नव्याने सांगणे हे खरेपण नव्हे. वैद्यकशास्त्रात याचे एक जुने उदाहरण आहे. हेन्री मोलाइसन नावाच्या अमेरिकन तरुणावर १९५३ साली फेफऱ्यासाठी मेंदूची शस्त्रक्रिया झाली आणि त्यानंतर नवीन काहीही लक्षात ठेवण्याची त्याची शक्ती गेली. त्याचा आवडता काका वारला. तो काका भेटायला कधी येणार असे विचारी, आणि वारला हे ऐकले की दर वेळी तितकाच कळवळे.

कोणी म्हणेल, विसरणारच आहेत, मग रडले तर काय बिघडले? बिघडते. आयोवा विद्यापीठातल्या संशोधकांनी अल्झायमरच्या १७ रुग्णांना चित्रपटांतली दुःखी आणि आनंदी दृश्ये दाखवली. काय पाहिले ते रुग्ण काही मिनिटांतच बहुतांशी विसरले, पण मनातली खिन्नता किंवा आनंद त्यानंतरही टिकून राहिला. हा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. अण्णांच्या घरी आम्ही हेच पाहत होतो. सकाळी रडलेले अण्णा कशासाठी रडलो हे विसरत, पण दुपारचे जेवण टाकत आणि सुनेवर खेकसत.

म्हणजे मग खोटे बोलावे का? परत येण्याची वेळ देणारे खोटे तर मुळीच बोलू नये. त्याने माणूस वाट पाहत राहतो, आणि वाट पाहणारा माणूस घराबाहेर पडतो. ‘ही कुठं गेली’ हा पत्ता विचारणारा प्रश्न नसतोच. एकटे वाटते आहे, भीती वाटते आहे, हिची आठवण येते आहे, असे त्याचे अर्थ असतात. त्यालाच उत्तर द्यावे. ‘‘आईची आठवण आली का, अण्णा? आई खरवस काय करायची, नाही?’’ एवढ्यावर बोलणे वळते. एखाद्या दिवशी ते डोळ्यांत डोळे घालून विचारतात, ‘‘ती गेली का रे?’’ तेव्हा ‘‘हो अण्णा’’ म्हणावे आणि जवळ बसावे. त्या वेळी त्यांना ठाऊक असते.

हे उत्तर घरातल्या सर्वांनी मिळून ठरवायला हवे, फोनवर बोलणाऱ्यांनीसुद्धा. यासाठी मी तिघा भावंडांना एका रविवारी दवाखान्यात बोलावले. सुनेलाही बोलावले, कारण अशा बैठकीला सुनेला बोलवायचे आपल्याकडे कोणाला सुचत नाही. पहिला अर्धा तास भांडणात गेला. मग थोरला मुलगा, चांगला पन्नाशीचा माणूस, म्हणाला, ‘‘मी आईसाठी अजून रडलोच नाही. अण्णाच रोज रडतात.’’ त्यानंतर कोणी आवाज चढवला नाही.

धाकट्याने सुचवले, चार-चार महिने वाटून घेऊ. आपल्याकडे ही पाळीची पद्धत फार. पण स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाला नव्या घरात संडास कुठे हेही सापडत नाही, रात्री तो घाबरतो, आजार एकदम वाढल्यासारखा दिसतो. या रुग्णाला शक्यतो हलवू नये, मुलांनी आळीपाळीने त्याच्याकडे जावे. दर महिन्याला आठ दिवस मुलीने आणि चार दिवस धाकट्याने यायचे ठरले. त्या दिवसांत सुनेने माहेरी जावे, झोपावे, काय वाटेल ते करावे. तिला कोणी विचारायचे नाही. औषधांचा खर्च धाकट्याकडे. अण्णांच्या सदऱ्याच्या खिशाला आतून फोन नंबर शिवला आणि डेपोत सांगून ठेवले. सांभाळणाऱ्याचेच मन थकले तर सरकारच्या टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर बोलता येते. २०२२ पासून ही सोय आहे, पैसे पडत नाहीत.

मुलगी पहिल्यांदा आठ दिवस राहिली तेव्हा तिसऱ्या दिवशी अण्णांनी तिच्यावरच घड्याळ चोरल्याचा आळ घेतला. घड्याळ त्यांच्या हातात होते. ती वहिनीकडे पाहून हसली आणि मग दोघी रडल्या, असे सुनेने मला सांगितले. पाटल्या पुढे तांदळाच्या डब्यात तळाशी सापडल्या. त्या अण्णांनी ठेवल्या होत्या की आईनेच, हे आता कोणी सांगू शकणार नाही.

वर्षश्राद्धाला मला बोलावणे होते. पाने मांडली होती, तिन्ही भावंडे घरात. अण्णांनी विचारले, ‘‘ही कुठं आहे?’’ सगळ्यांच्या माना थोरल्याकडे वळल्या. तो म्हणाला, ‘‘आईची आठवण आली ना, अण्णा? आई तुमच्या गाडीत कधी बसली होती का हो?’’

अण्णा हसले. ‘‘बसली होती की! लग्न होऊन महिना झाला नव्हता. तिला वाटलं, नवऱ्याची गाडी, तिकीट कशाला? मी म्हटलं, तिकीट घ्यावं लागेल. चारचौघांत काढायला लावलं. आठ दिवस बोलली नाही माझ्याशी.’’

तिघांपैकी कोणालाही हे ठाऊक नव्हते. मुलीने विचारले, ‘‘किती होतं तिकीट?’’

‘‘पंच्याऐंशी पैसे,’’ अण्णा ताबडतोब म्हणाले.