यंत्रमानवाचा संच आणि कार्यशाळेची किल्ली

‘एबीयू रोबोकॉन’ या आशिया-प्रशांत विभागातील विद्यार्थ्यांच्या यंत्रमानव स्पर्धेचे यजमानपद २०२२ मध्ये भारताकडे होते आणि दिल्लीत झालेल्या त्या स्पर्धेचा खेळ होता लगोरी. एका संघाच्या यंत्राने चेंडू मारून लगोरी फोडायची आणि ती पुन्हा रचत असताना प्रतिस्पर्ध्याच्या यंत्राने चेंडू फेकून अडवायचे. त्याआधी २००८ मध्ये ही स्पर्धा पुण्यात झाली, तेव्हा विषय दहीहंडीचा होता. हे खेळ पोरांना शिकवावे लागत नाहीत. यंत्राला मात्र त्यातली प्रत्येक हालचाल शिकवावी लागते, आणि अभियांत्रिकीचा विद्यार्थी खऱ्या अर्थाने घडतो तो तिथेच.

लगोरीची चकती उचलणारा पंजा घ्या. संगणकावरच्या आरेखनात तो पहिल्याच दिवशी चालतो. प्रत्यक्षात पकड सैल ठेवली तर चकती निसटते, घट्ट केली तर सोडताना खालची रचना हलते. पंजा जड झाला की तो उचलणारी मोटार मोठी लागते, मोटारीबरोबर बॅटरी वाढते आणि चपळ व्हायला हवे असलेले यंत्र वळणावर घसरू लागते. स्पर्धेचे नियम विजेचा दाब आणि हवेचा दाब दोन्हींवर मर्यादा घालतात, त्यामुळे केवळ ताकद वाढवून सुटका नसते. मग पंजाचा आराखडा बदलायचा, अॅल्युमिनियम नव्याने कापायचे, भोक अर्धा मिलिमीटर सरकले म्हणून तो तुकडाही टाकून द्यायचा. चांगला संघ एकच भाग पाच-सहा वेळा बनवतो. नियमपुस्तिका हाती पडल्यापासून मैदानात उतरेपर्यंतचे कित्येक महिने यातच जातात. तीन मिनिटांचा सामना हा या श्रमाचा सर्वांत लहान भाग.

आपले धोरण या श्रमाकडे कसे पाहते? केंद्राच्या अटल नवोन्मेष अभियानाने २०१६ पासून शाळांमध्ये ‘अटल टिंकरिंग लॅब’ उभारायला सुरुवात केली. सहावी ते बारावीच्या मुलांसाठीच्या या प्रयोगशाळांची संख्या १० हजारांवर पोहोचली आणि २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात पाच वर्षांत सरकारी शाळांमध्ये आणखी ५० हजार प्रयोगशाळांची घोषणा झाली. योजनेचा हेतू उत्तम आहे. सरकारी शाळेतल्या मुलीच्या हाती सोल्डरिंगची कांडी आणि त्रिमितीय मुद्रक यावा, याचे मोल मी कमी लेखत नाही. मूळच्या योजनेत प्रत्येक शाळेला २० लाख रुपयांपर्यंतचे अनुदान होते. त्यातले निम्मे उभारणीसाठी, उरलेले निम्मे जास्तीत जास्त पाच वर्षांच्या खर्चासाठी. म्हणजे सहाव्या वर्षी मुद्रकाची तार, जळलेली मोटार, तुटलेले दातेचाक यांचा खर्च कोणी करायचा, हे शाळेने पाहायचे. आणि विज्ञानाचे तास सांभाळून प्रयोगशाळाही सांभाळणाऱ्या शिक्षकाची बदली झाली, तर?

खरेदीची पावती फाइलला लावता येते, उद्घाटनाचे छायाचित्र काढता येते. पाचव्यांदा कापलेल्या अॅल्युमिनियमच्या तुकड्याचे तसे नाही. हिशेबतपासनिसाच्या लेखी ती नासाडीच. म्हणून शाळा-महाविद्यालये तयार संच घेतात. संचातल्या सूचनांप्रमाणे जोडलेले यंत्र काळ्या रेषेवरून चालते, पाहुणे टाळ्या वाजवतात. लहान मुलांची सुरुवात तशी व्हायला हरकत नाही. पण तिथेच थांबलेला मुलगा जोडणी शिकतो, रचना नव्हे.

महाविद्यालयांतले चित्र वेगळे, पण मूळ तेच. मी पाहिलेल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात लेथ होते, मिलिंग यंत्र होते, आणि कार्यशाळेला संध्याकाळी पाच वाजता कुलूप लागत होते. दिवसभर तासिका असलेल्या विद्यार्थ्यांनी काम करायचे ते पाचनंतरच. तेव्हा ती मुले वर्गणी काढून औद्योगिक वसाहतीतल्या एका खासगी वर्कशॉपमध्ये सुटे भाग कापून घेत. तिथल्या कारागिराने त्यांना जे शिकवले, त्याची नोंद कुठल्याही श्रेयांकात नाही. ज्यांना वर्गणी परवडत नव्हती, ते संघात आलेच नाहीत. यंत्रमानव स्पर्धा गुणवत्तेची आहे असे आपण म्हणतो तेव्हा या न आलेल्यांना मोजत नाही.

देशात बेरीज-वजाबाकीची बोंब असताना ही चैन कशाला, असा आक्षेप नेहमी येतो. तो गैरलागू नाही, पण त्यातून निघणारे उत्तर चुकीचे आहे. उघडी कार्यशाळा आणि हाताला वळण लावणारा कारागीर यांचा उपयोग स्पर्धेपुरता नसतो. त्याच लेथवर शेतीपंपाचा भागही कातता येतो. शिवाय दुसरी वाट आपल्याकडेच आहे. आयआयटी मुंबईचा ‘ई-यंत्र’ उपक्रम निवडलेल्या संघांना यंत्रमानवाचे साहित्य विनामूल्य पाठवतो, काम टप्प्याटप्प्याने तपासतो आणि महाविद्यालयांनी प्रयोगशाळा उभारताना तिथल्या शिक्षकांनाही तयार करतो. तिथेही प्रश्न आयोजकांनी आखून दिलेला असतो आणि सुट्या भागांचे कातकाम फारसे येत नाही. तरीही वस्तूइतकेच माणसाकडे लक्ष देणारा हा विरळा नमुना आहे. २०१४ मध्ये पुण्यात परतलेल्या रोबोकॉनचे विजेतेपद व्हिएतनामच्या लाक होंग विद्यापीठाने नेले. ते राजधानीतले नामांकित विद्यापीठ नव्हे, दोंगनाय प्रांतातली खासगी संस्था आहे. वर्षानुवर्षे एकाच कामाला बसण्याने काय होते, याचे ते उदाहरण आहे.

आपल्याकडे जुनी तुकडी बाहेर पडली की तिचे ज्ञानही तिच्याबरोबर जाते. फसलेल्या पंजाचा आराखडा कुणाच्या तरी संगणकात राहतो आणि पुढची तुकडी तीच चूक नव्याने करते. हे थांबवायला मोठा निधी लागत नाही. देशात औद्योगिक प्रशिक्षण संस्थांचे जाळे आहे. तिथे फिटर आणि टर्नर घडवणारे निदेशक आहेत. आसपासच्या शाळांना आणि महाविद्यालयांना आठवड्यातल्या दोन संध्याकाळी ही दारे उघडून द्यावीत, निदेशकाला त्याचे मानधन द्यावे, मुख्याध्यापकाला किरकोळ सुटे भाग निविदेविना बाजारातून घेऊ द्यावेत. आणि प्रत्येक संघाने फसलेल्या प्रयोगांसह आपली कार्यवही संस्थेत जमा करावी, ही अट ठेवावी.

नव्या ५० हजार प्रयोगशाळांचा अहवाल मागवताना किती उभ्या राहिल्या आणि किती निधी खर्च झाला, हे विचारले जाईलच. त्याच तक्त्यात आणखी दोन रकाने हवेत: शाळा सुटल्यावर दार किती तास उघडे होते, आणि त्या वेळी आत शिकवणारे कोण होते.