वाढ कोणाच्या पैशावर?

एखाद्या तरुणाने बांधील नोकरी सोडून स्वतःची कंपनी काढली की त्याचे कौतुक दोनदा होते. पहिल्यांदा कंपनी निघते तेव्हा, आणि दुसऱ्यांदा तीत कोणी तरी भांडवल गुंतवतो तेव्हा. पहिले कौतुक घरच्यांपुरते राहते. दुसरे वृत्तपत्रांत छापून येते. त्या कंपनीला पहिल्यांदा नफा झाला, ही बातमी मात्र सहसा कोठेच येत नाही. केंद्र सरकारने १६ जानेवारी २०१६ रोजी 'स्टार्टअप इंडिया' योजनेचा आरंभ केल्यानंतरच्या काळात तर उभारलेले भांडवल हेच यशाचे माप होऊन बसले. वास्तविक बाहेरून भांडवल घेणे हे एक देणे अंगावर घेणे आहे, आणि त्या देण्याच्या अटी काय, याची चर्चा आपल्याकडे फारशी होत नाही.

साहस-भांडवल पुरवणाऱ्या निधीचे आयुष्य साधारणपणे दहा वर्षांचे असते. त्या मुदतीत त्याला स्वतःच्या गुंतवणूकदारांचे पैसे नफ्यासह परत करावयाचे असतात. त्याने पैसा घातलेल्या कंपन्यांपैकी बहुतेक बुडणार, हे त्याने आधीच गृहीत धरलेले असते. म्हणून उरलेल्या एकदोन कंपन्यांनी घातलेल्या पैशाच्या कित्येक पट मिळवून द्यावे लागतात. दरसाल पंधरा टक्क्यांनी शांतपणे वाढणारी, कामगारांचे पगार वेळेवर देणारी कंपनी या हिशेबात निरुपयोगी ठरते. शिवाय त्याचे भाग बहुधा प्राधान्य हक्काचे असतात. कंपनी विकली गेली तर आधी त्याचे पैसे, मग संस्थापकाचे. म्हणजे हा पैसा ज्याने घेतला त्याने आपल्या वाढीचा वेगही त्याच सहीने दुसऱ्याच्या हाती दिला. संस्थापक पुढे जे निर्णय 'धोरण' म्हणून घेतो त्यांतील पुष्कळसे त्या दिवशीच ठरून गेलेले असतात.

बंगळूरच्या 'बायजूज' या शिक्षण-कंपनीची हकीकत शिक्षकवर्गाला तरी नव्याने सांगावयास नको. २०११ साली निघालेल्या या कंपनीने २०२० मध्ये मुंबईची 'व्हाइटहॅट ज्युनिअर' तीस कोटी डॉलरना घेतली. २०२१ मध्ये 'आकाश' ही शिकवणी-संस्था जवळजवळ शंभर कोटी डॉलरना घेतली, आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात परदेशातून एकशेवीस कोटी डॉलरचे कर्ज काढले. २०२२ मध्ये तिचे मूल्यांकन बावीसशे कोटी डॉलर झाले. त्याच साली सप्टेंबरात, म्हणजे दीड वर्ष उशिरा, २०२०-२१ चे हिशेब बाहेर आले तेव्हा तोटा निघाला ४,५८८ कोटी रुपयांचा! पुढच्याच महिन्यात अडीच हजार माणसांना कमी करण्याची घोषणा झाली. जून २०२३ मध्ये लेखापरीक्षकांनी काम सोडले, आणि जुलै २०२४ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या कार्यवाहीत गेली, तीही क्रिकेट नियामक मंडळाच्या सुमारे १५८ कोटींच्या थकबाकीवरून. बावीसशे कोटी डॉलरच्या कंपनीला १५८ कोटी रुपये जड जावेत, यातच मूल्यांकन आणि तिजोरी यांतील अंतर स्पष्ट होते.

याच्या शेजारी दुसरे उदाहरण ठेवावे, आणि ते पुण्याहून निघालेले आहे. १९८१ मध्ये सात अभियंत्यांनी दहा हजार रुपयांवर इन्फोसिस सुरू केली. दोन वर्षांनी ती बंगळूरला गेली. दूरध्वनीसाठी वर्षभर थांबणे, संगणकाच्या आयात परवान्यासाठी दिल्लीच्या खेपा घालणे, असा तो काळ होता. दहा वर्षांनंतरही कंपनी लहानच होती. १९९० मध्ये ती सुमारे दहा लाख डॉलरना विकत घेण्याचा प्रस्ताव आला तेव्हा बहुतेक सहकाऱ्यांचा कल विकण्याकडे होता. त्यांत चूक काहीच नव्हते. प्रत्येकाला संसार होता. तुम्हांला विकायचे असेल तर तुमचे भाग मीच घेतो, असे नारायण मूर्तींनी म्हटल्यावर सारे थांबले. १९९३ च्या भागविक्रीस पुरते गिऱ्हाईकही मिळाले नाही, आणि मॉर्गन स्टॅन्लीने तेरा टक्के भाग उचलले म्हणून ती तरली.

परंतु खरा कसोटीचा प्रसंग १९९५ चा. कंपनीचे जवळजवळ पाव उत्पन्न जनरल इलेक्ट्रिक या एकाच अमेरिकन ग्राहकाकडून येत होते, आणि त्याने दर उतरविण्याचा आग्रह धरला. इन्फोसिसने नकार दिला आणि ते काम जाऊ दिले. त्यानंतर कोणत्याही एका ग्राहकावर फार विसंबावयाचे नाही, असा दंडक कंपनीने घालून घेतला. पाव उत्पन्नावर पाणी सोडण्याचा हा निर्णय तिला परवडला, कारण उरलेले उत्पन्न खर्च भागवून नफा देत होते. दर तिमाहीत उलाढाल फुगवून दाखविण्याचे वचन कोणाला दिलेले असते, तर तो नकार तोंडातून निघाला असता काय?

सर्वच धंद्यांना हा मार्ग मोकळा नाही, हे मान्य केले पाहिजे. १८ नोव्हेंबर २०२२ रोजी खासगी रॉकेट अंतराळात सोडणाऱ्या हैदराबादच्या 'स्कायरूट'ला गिऱ्हाइकाच्या आगाऊ रकमेवर भागवता आले नसते. तेथे वर्षानुवर्षे उत्पन्नाशिवाय खर्चच करावा लागतो. १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनाही औंध संस्थानाकडून जमीन आणि दहा हजारांचे कर्ज मिळाले तेव्हा किर्लोस्करवाडी उभी राहिली. पण संस्थानिकाला दहा वर्षांत आपला निधी गुंडाळावयाचा नव्हता. बाहेरचा पैसा घेताना तो किती थांबू शकतो, हे विचारणे म्हणूनच त्याच्या रकमेपेक्षा महत्त्वाचे.

मात्र धीम्या वाढीचा उपदेश संस्थापकाला करणे सोपे आहे. गिऱ्हाइकाच्या पैशावर वाढावयाचे तर गिऱ्हाइकाने पैसे द्यावे लागतात! भोसरी-चाकणच्या पट्ट्यातील कोणत्याही छोट्या कारखानदाराला विचारावे. माल गेल्यानंतर तीन-तीन महिने बिल अडकणे ही त्याच्या लेखी नवलाची गोष्ट नाही. लहान उद्योगाचे पैसे कमाल पंचेचाळीस दिवसांत द्यावेत, असे २००६ चा कायदा सांगतो. ते बराच काळ कागदावरच राहिले, म्हणून २०२३ च्या वित्त कायद्याने उशिरा दिलेली रक्कम त्या वर्षीच्या खर्चात धरू न देण्याची तरतूद केली. त्यावर बड्या खरेदीदारांनी पळवाट शोधली नसती तरच आश्चर्य! लहान उद्योग म्हणून केलेली नोंदणीच रद्द करावी, असा दबाव पुरवठादारांवर येत असल्याच्या बातम्या २०२४ च्या आरंभी आल्या होत्या.

अशा स्थितीत पगाराची तारीख जवळ आलेला संस्थापक गुंतवणूकदाराच्या दारी जातो, तो महत्त्वाकांक्षेपोटीच जातो असे नव्हे. स्वतःच विकलेल्या मालाचे पैसे हाती नाहीत, म्हणून तो कंपनीचा एक तुकडा विकतो. पंचेचाळीस दिवसांवरील देणी जाहीर करण्याचे बंधन २०१९ पासून कंपन्यांवर आहे. त्यांना दर सहामाहीस तसे विवरणपत्र भरावे लागते. महानगरपालिका आणि जिल्हा परिषदा कंपन्या नसल्यामुळे त्या या बंधनाबाहेर राहतात. नवउद्योजकांचे मेळावे भरविणाऱ्या राज्य सरकारने पुढील मेळाव्यापूर्वी आपल्या खात्यांकडे आणि या संस्थांकडे लहान पुरवठादारांची किती बिले किती दिवस पडून आहेत, याची यादी दर सहामाहीस छापावी. त्यासाठी नवी योजना नको की नवा निधी नको. आकडे लेखाशाखेतील कारकुनांच्या वह्यांत आजही आहेत.