पथ्यपत्रकापूर्वी स्वयंपाकघराची विचारपूस

काही वर्षांपूर्वी रायगड जिल्ह्यातील एका बेने इस्राएल कुटुंबातील वृद्ध भगिनी जीर्ण मलावष्टंभासाठी आमच्याकडे येत असत. आम्ही त्यांना रात्री निजताना कोष्ण दुधातून तूप घेण्यास सांगितले. महिन्याभरात अपेक्षित उपशय दिसेना. खोदून विचारले तेव्हा त्या संकोचून म्हणाल्या, "वैद्यबुवा, शुक्रवारी रात्री आमच्याकडे मटण असतं. सणावाराला पाहुणे आले की रोजच असतं. त्यावर दूध कसं घेणार?" औषध योग्य होते, रुग्णाही श्रद्धावान होती. चूक आमची होती. त्या घरात काय शिजते आणि कशासोबत शिजते, हे आम्ही विचारलेच नव्हते.

कोशेर म्हणजे यहुदी धर्मशास्त्रानुसार ग्राह्य आहार. खूर दुभंगलेले असून रवंथ करणाऱ्या पशूंचेच मांस चालते, तेही विधिपूर्वक कापलेले व मिठाने रक्त काढलेले. माशांना पर आणि खवले दोन्ही हवेत; म्हणून कोळंबी, खेकडे, तिसऱ्या वर्ज्य. मांस व दुग्धजन्य पदार्थ एकत्र शिजवायचे नाहीत, एकत्र खायचे नाहीत, त्यांची भांडीही निराळी. मांसानंतर दूध घेण्यापूर्वी किती वेळ जावा याविषयी परंपरा भिन्न आहेत. अनेक घरांत सहा तासांचा नियम पाळतात.

कोकणच्या किनाऱ्यावर तेलाचे घाणे चालविणारे आणि शनिवारी ते बंद ठेवणारे म्हणून 'शनवार तेली' ठरलेले बेने इस्राएल हे नियम मराठी स्वयंपाकघरात सांभाळत आले. १९४८ नंतर बहुसंख्य कुटुंबे इस्राएलला गेली, तरी मुंबई, ठाणे, पुणे व अलिबागच्या परिसरात हा समाज आजही आहे. दुधाची अडचण त्यांनी नारळाच्या रसाने सोडविली. मांसाच्या कालवणात नारळाचा रस, आणि त्याच जेवणानंतर द्यावयाच्या गोडातही तोच. रोश हशाना या नववर्षाच्या सणाला गव्हाच्या चिकाचा हलवा नारळाच्या रसात आटवितात. जुन्या पिढीत सणांची नावेच मराठी होती: नव्याचा सण, खिरीचा सण, आब महिन्यातील उपवासाशी निगडित बिरड्याचा सण. लग्नकार्यात वा नवस फेडताना एलियाहू हन्नाबीच्या नावाने मलिदा होतो: भिजविलेले पोहे, खोवलेला नारळ, गूळ किंवा साखर, वेलची, सुका मेवा आणि भोवती फळे.

यातील बहुतेक पदार्थ गुरू, स्निग्ध, मधुर व बृंहण आहेत. पृथुक गुरू असल्याचे चरकाचार्यांनीच सांगितले आहे. म्हणून प्रमेही वा स्थूल रुग्णास "सणाचे गोड बंद" असे लिहून देणे सोपे. पण मलिद्याचा घास हा त्या घरी प्रसाद आहे. तो नाकारण्यास सांगणाऱ्या वैद्याचे उरलेले पथ्यही रुग्ण मनातून सोडून देतो. मात्रा सांगावी, दिवसाची वेळ सांगावी, त्या दिवशीचे दुसरे भोजन लघू ठेवण्यास सांगावे. हे पथ्य पाळले जाते.

येथे आपल्या व्यवसायबंधूंच्या एका सवयीविषयी स्पष्ट लिहिणे आम्हांस आवश्यक वाटते. कोशेरचा उल्लेख निघताच "हा तर आपलाच विरुद्धाहार" असे व्याख्यानांतून ऐकू येते. हे साम्य वरवरचे आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सव्विसाव्या अध्यायात मत्स्य व दूध यांचा विरोध सांगितला आहे. कारण दोन्ही मधुर असूनही एक उष्णवीर्य व दुसरे शीतवीर्य. कोशेरच्या मूळ नियमात मात्र मासे मांसात गणलेच जात नाहीत. मासे व दूध एकत्र टाळण्याची रीत काही यहुदी समाजांपुरती आहे. उलट आपल्या छागलाद्य घृतात अजमांस व घृत एकत्र सिद्ध होतात, आणि कोशेर पाळणाऱ्यास नेमके तेच निषिद्ध. आपला निषेध गुण, वीर्य, संस्कार यांच्या विचारातून येतो, त्यांचा धर्माज्ञेतून. दुसऱ्याच्या श्रद्धेला आपल्या शास्त्राचे प्रमाणपत्र देण्याने शास्त्राची प्रतिष्ठा वाढत नाही आणि रुग्णाचे काम अडते.

रुग्णाचे काम होते ते लहान गोष्टींनी. शब्बाथ शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या रात्रीपर्यंत असतो. त्या काळात अग्नी पेटवीत नाहीत, स्वयंपाक करीत नाहीत. मग ताजा क्वाथ कसा होणार? त्या दिवसापुरती घनवटी द्यावी. पेसाखच्या सणात, म्हणजे इस्राएलमध्ये सात व बाहेर आठ दिवस, गहू, यव आदी धान्यांचे फुगलेले वा आंबविलेले पदार्थ घरातही ठेवीत नाहीत. प्रमेही रुग्णास सांगितलेला यवाहार त्या आठवड्यात बदलावा लागेल. योम किप्पूरचा उपवास सुमारे पंचवीस तासांचा आणि निर्जळी असतो. प्राणरक्षण उपवासाहून श्रेष्ठ, असे त्यांचे धर्मशास्त्रच मानते. म्हणून मधुमेही रुग्णाशी हा विषय सणाच्या दिवशी नव्हे, पंधरवडाभर आधी काढावा.

औषधी दुकानदार बंधूंसाठी दोन शब्द. जिलेटिनचे कॅप्सूल प्राणिज असते. द्राक्षारिष्टासारख्या द्राक्षांच्या संधानकल्पांना द्राक्षमद्याविषयीच्या धार्मिक नियमांची अडचण येऊ शकते. लाक्षा, कस्तुरी, शंख व मौक्तिकाची भस्मे यांविषयीही विचारणा होईल. औषध नियमावलीच्या नियम १६१ नुसार घटकद्रव्ये जाहीर करणे बंधनकारक आहेच. ग्राहकाने विचारले असता "सगळे वनस्पतीच आहे" असे मोघम उत्तर न देता वेष्टन वाचून दाखवावे. शंका उरल्यास निर्णय त्याच्या धर्मगुरूंवर सोपवावा. तो निर्णय आपण देऊ नये.

त्या भगिनींना आम्ही पुढे तूप-दूध सकाळी अनशेपोटी दिले आणि रात्री केवळ कोष्ण जल. कल्प तोच, काळ बदलला, आणि उपशय मिळाला. आपल्या रुग्णपत्रिकेत प्रकृती, अग्नी व कोष्ठ यांचे रकाने असतात. त्यांच्या शेजारी 'घरचा आहारनियम व सण' असा एक रकाना घालावा, अशी आमची सर्व वैद्यांना विनंती आहे. तो जैन, मुस्लिम वा वारकरी घरांसाठीही तितकाच उपयोगी पडेल. ओकसात्म्याचा विचार आपल्याच शास्त्राने शिकविला आहे. तो रुग्णाच्या उंबरठ्याआत नेणे तेवढे राहिले आहे.