शुश्रूषेच्या दारावर वसुलीचा नाका

बारावीचा निकाल लागतो आणि चंदगड-आजऱ्यापासून शाहूवाडी-गगनबावड्यापर्यंतच्या वाड्यावस्त्यांतून, बापाने सोसायटीचे कर्ज नव्याने उचललेले, आईने गळ्यातले सोने सराफाकडे ठेवलेले, अशा घरांतल्या लेकी कागदांनी फुगलेल्या पिशव्या उराशी धरून कोल्हापूरच्या मध्यवर्ती बसस्थानकावर उतरतात. त्यांना ठेका नको असतो, पद नको असते. त्यांना आजाऱ्याची सेवा शिकायची असते. रात्रपाळी, रक्त, पू, मलमूत्र आणि मरणाऱ्याचा हात हातात धरून बसणे, ज्या कामापासून सुखवस्तू घरे आपल्या मुलींना आजही हटकून दूर ठेवतात, ते काम या मुली आपण होऊन मागायला येतात. त्यांच्यापुढे राज्याने हात जोडून उभे राहायला हवे होते. राज्याने तेथे वसुलीचा नाका बसू दिला आहे.

आधी वस्तुस्थिती सांगतो. बी.एस्सी. नर्सिंगला जायचे तर बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हवे, खुल्या प्रवर्गाला किमान ४५ टक्के गुण हवेत, वयाची १७ वर्षे पुरी हवीत आणि वर राज्याच्या सीईटी कक्षाची स्वतंत्र परीक्षा द्यायला हवी. परीक्षेला आमचा विरोध नाही. ज्या हाताने उद्या शिरेत औषध सोडायचे, तो हात पारखून घेतला पाहिजे, हे शेतात राबणाऱ्या बापालाही कळते. आमचा संताप आहे तो पारखण्याच्या नावाखाली चाललेल्या हेळसांडीवर. याच प्रवेशासाठी काही वर्षे ‘नीट’चे गुण धरले, मग ती वाट सोडून सीईटी आणली. ज्या मुलीने दोन वर्षे एका परीक्षेची तयारी केली तिच्यापुढे दुसरीच परीक्षा उभी राहिली. शहरातल्या मुलीला निदान क्लास बदलता येतो. राधानगरीच्या डोंगरातल्या मुलीने काय बदलायचे?

परीक्षा झाली की दाखल्यांचा वनवास सुरू. अधिवास, उत्पन्न, जात, जात वैधता, नॉन-क्रिमिलेअर, वैद्यकीय तंदुरुस्ती, मध्ये एखादे वर्ष गेले असेल तर त्याचे प्रतिज्ञापत्र. तलाठ्याचा दाखला मिळाला तर सेतू केंद्रातला सर्व्हर बंद. सर्व्हर सुरू झाला तर साहेब दौऱ्यावर. साहेबांची सही झाली तर पडताळणी समितीचा कागद अडकलेला. आणि तो कागद हाती पडेपर्यंत, ज्या फेरीत त्या मुलीच्या गुणांना न्याय मिळाला असता ती केंद्रीभूत फेरी संपून गेलेली. गुण तिचे, चूक सरकारची, आणि जागा तिसऱ्याची.

ही तिसरी माणसे कोण, हे कोल्हापुरात कोणाला सांगावे लागत नाही. गुणवत्ता यादी संकेतस्थळावर झळकते न झळकते तोच दलालांच्या फोनने मुलीच्या बापाचा मोबाईल वाजू लागतो. “जागा भरत आल्यात, आजच्या आज थोडी रक्कम टाका, बाकीचं नंतर बघू.” महाराष्ट्रात देणगीच्या वसुलीला बंदी घालणारा कायदा १९८७ सालचा आहे. विनाअनुदानित व्यावसायिक संस्थांचे प्रवेश आणि शुल्क यांचे नियमन करणारा कायदा २०१५ सालचा आहे. दोन्ही कायदे जिवंत आहेत. तरीही पावतीवर शिक्षण शुल्क एका ओळीत आणि त्याखाली विकास, ग्रंथालय, प्रयोगशाळा, अनामत, गणवेश, बस, वसतिगृह, मेस अशी ओळींची रांग. आणि ज्या रकमेची पावतीच नाही, तिच्याविषयी तर बोलायचेच नाही. पहिल्या वर्षी घरची अडचण आली आणि मुलीने शिक्षण सोडायचे म्हटले, तर उरलेल्या वर्षांचे शुल्क भरा, तोवर मूळ कागदपत्रे मिळणार नाहीत, ही धमकी तयार. सावकार जमिनीचा कागद ठेवून घेई. हे मुलीचे आयुष्यच गहाण ठेवून घेतात.

सरकार म्हणेल, आम्ही मुलींचे शिक्षण मोफत केले. ८ जुलै २०२४ चा शासन निर्णय आम्ही वाचला आहे. आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक शिक्षणाचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ करणारा तो निर्णय चांगला आहे, आणि चांगल्याला चांगले म्हणताना आमची लेखणी कधी अडखळली नाही. पण त्याच निर्णयाच्या अटी वाचा. प्रवेश केंद्रीभूत फेरीतून झाला तरच सवलत. व्यवस्थापन कोट्यातल्या मुलीला नाही. अभिमत आणि खासगी विद्यापीठांतल्या मुलीला नाही. म्हणजे दाखला उशिरा मिळाला म्हणून जी फेरीबाहेर फेकली गेली, ती सवलतीबाहेरही फेकली गेली. सवलतीत बसणाऱ्या मुलीलाही सांगायचे, की आधी सगळे भरा, शासनाकडून पैसे आले की परत देऊ. आणि वसतिगृह, मेस, गणवेश, प्रवास यांचा बोजा तर सवलतीला शिवतच नाही. फलकावर ‘मोफत’, खिडकीवर ‘आधी भरा’. याला धोरण म्हणत नाहीत. याला जाहिरात म्हणतात.

आता हे का होते, ते सांगतो. हे अज्ञानातून होत नाही, हिशेबातून होते. भारतीय परिचर्या परिषदेचा दंडक आहे, की बी.एस्सी. नर्सिंगचे महाविद्यालय काढायचे तर संस्थेपाशी शंभर खाटांचे स्वतःचे रुग्णालय हवे. दंडकाचा हेतू निर्मळ आहे. परिचर्या पुस्तकातून येत नाही, ती खाटेजवळ उभे राहून येते. सलाईनचे थेंब मोजताना, ताप-नाडी-श्वासाचा तक्ता भरताना, अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्याला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कुशीवर वळवताना ती हातात उतरते. पण जेथे शिक्षण हा धंदा झाला, तेथे या दंडकाचाही धंदा झाला. खाटा आहेत पण रुग्ण नाहीत, अशा ठिकाणी तपासणीच्या दिवशी रुग्ण जमवले जातात आणि मुली चार वर्षे पुतळ्यावरच इंजेक्शन शिकतात. रुग्ण आहेत पण पगारी परिचारिका नाहीत, अशा ठिकाणी शिकाऊ मुलींनाच पाळीवर जुंपले जाते. पहिल्या ठिकाणी शिक्षण नाही. दुसऱ्या ठिकाणी फुकटची मजुरी आहे. शुल्क दोन्ही ठिकाणी पूर्ण आहे.

आणि शिकून बाहेर पडल्यावर? ट्रेन्ड नर्सेस असोसिएशन ऑफ इंडियाच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१६ मध्ये खासगी रुग्णालयांतील परिचारिकांच्या वेतनाची दखल घेतली. त्यानंतरच्या केंद्रीय समितीने स्पष्ट शिफारस केली: दोनशेहून अधिक खाटांच्या रुग्णालयात सरकारी परिचारिकेइतके वेतन, आणि पन्नासहून कमी खाटांच्या लहानशा रुग्णालयातही महिना किमान वीस हजार. त्याला दशक होत आले. आमच्या वाचकांनी आपल्या गल्लीतल्या खासगी दवाखान्यात जावे, रात्री बारा तास उभ्या असलेल्या मुलीला तिचा पगार विचारावा आणि तो आकडा या शिफारशीशेजारी मांडावा. शुल्क घेणारे हात आणि पगार देणारे हात पुष्कळ वेळा एकाच मालकाचे असतात. शिकताना लुटायचे, शिकल्यावर राबवायचे. मुलगी तीच, मालकही तोच.

सरकार निदान वेगळे वागते काय? २२ मार्च २०२० रोजी देशाने टाळ्या-थाळ्या वाजवल्या. त्याच वर्षीच्या मे महिन्यात हेलिकॉप्टरांतून रुग्णालयांवर फुले उधळली गेली. दरवर्षी १२ मे उजाडला की फ्लॉरेन्स नाइटिंगेलच्या तसबिरीला हार पडतो, मेणबत्त्या लागतात, ‘देवदूत’ हा शब्द भाषणाभाषणांतून गळू लागतो. आणि त्याच देवदूतांना २०२२ साली कंत्राटी भरतीविरुद्ध संपावर जावे लागले, २०२५ साली पुन्हा त्याच दुखण्यासाठी काम थांबवावे लागले. साथीत फुले, साथ सरली की कंत्राट! देवदूत म्हणायचे ते एवढ्याचसाठी, की देवदूताला पगार द्यावा लागत नाही, निवृत्तिवेतन द्यावे लागत नाही, रजाही द्यावी लागत नाही. आम्हाला देवदूत नकोत. आम्हाला नीट शिकलेल्या, नीट पगार घेणाऱ्या परिचारिका हव्यात.

हे सारे अन्यत्र घडले असते तरी निंद्यच होते. कोल्हापुरात घडते, म्हणून ते असह्य आहे. हे शहर राजर्षी शाहूंचे आहे. खेड्यातला पोर शहरात शिकायला आला तर त्याने राहावे कोठे, या साध्या प्रश्नाला त्यांनी जातीजातींच्या वसतिगृहांनी उत्तर दिले. कृष्णाबाई केळवकर या बुद्धिमान मुलीला त्यांनी संस्थानच्या आधाराने डॉक्टर केले आणि आज ज्याला आपण सीपीआर म्हणतो, जुनी माणसे थोरला दवाखाना म्हणतात, त्या तेव्हाच्या अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात तिच्या विद्येचा लाभ इथल्या बायाबापड्यांना मिळवून दिला. १९१७ साली त्यांनी प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले, आणि मुलाला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. शाहूंनी मुलाला न शिकवणाऱ्या बापाला दंड केला. आजची व्यवस्था मुलीला शिकवू पाहणाऱ्या बापाला दंड करते.

आणि सबब सांगायला आज जागाही उरलेली नाही. परिचर्या शिक्षण ज्या वैद्यकीय शिक्षण खात्याखाली येते, त्याचे मंत्री हसन मुश्रीफ कागलचे. ज्या आरोग्य खात्याच्या दवाखान्यांत या मुली राबणार, त्याचे मंत्री प्रकाश आबिटकर राधानगरीचे. सीईटी कक्ष ज्या उच्च व तंत्रशिक्षण खात्याचा, त्याचे मंत्री चंद्रकांत पाटील याच मातीशी नाते सांगणारे. परीक्षा घेणारे, शिकवणारे आणि नोकरी देणारे अशी तिन्ही खाती एका जिल्ह्याशी इतकी जवळून जोडली जाण्याचा योग वारंवार येत नाही. शेंडा पार्कात अकराशे खाटांच्या शासकीय रुग्णालय संकुलाची घोषणा झाली, त्याचे आम्ही स्वागत करतो. पण परिचर्या परिषदेचे प्रमाण अध्यापन रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक परिचारिका असे आहे. नुसत्या त्या प्रमाणाने भागले तरी साडेतीनशेहून अधिक परिचारिका लागतात. तीन पाळ्या आणि रजा धरल्या तर आकडा कितीतरी पुढे जातो. त्या कोठून येणार? भिंती ठेकेदार बांधतो. शुश्रूषा ठेकेदार बांधू शकत नाही.

आमच्या मागण्या मोजक्या आहेत. सीपीआर आणि शेंडा पार्क यांच्या आधाराने शासकीय परिचर्या शिक्षणाच्या जागा वाढवा आणि त्या मुलींसाठी शासकीय वसतिगृह उभारा. जिल्ह्यातल्या प्रत्येक नर्सिंग संस्थेची मान्यता, संलग्नता, मंजूर शुल्क आणि रुग्णालयातल्या खऱ्या खाटा यांची यादी निकालाच्या दिवशीच तहसील कचेरीच्या फलकावर लावा. सवलतीतल्या मुलीकडून आगाऊ पैसे घेणाऱ्या आणि कागदपत्रे अडवणाऱ्या संस्थेवर गुन्हा नोंदवा. दाखल्याचा उशीर कार्यालयाचा असेल तर मुलीची जागा राखून ठेवा. खासगी रुग्णालयांतल्या वेतनाची २०१६ ची शिफारस कायद्याने बंधनकारक करा. यांतली एकही मागणी आकाशातल्या ताऱ्याची नाही. सह्यांची आहे.

“सरकारपाशी पैसा नाही, खासगी संस्थांनी निदान पोकळी तरी भरली,” असे सांगणारे पंडित पुढे सरसावतील. पोकळी त्यांनी भरली नाही. पोकळी राहावी यावरच त्यांचा धंदा उभा आहे. सरकारी जागा दुप्पट झाल्या तर दलालाचा फोन कोण उचलेल? म्हणूनच जागा वाढत नाहीत. जे प्रामाणिकपणे शिकवतात त्या संस्थांनी या लेखाने बिचकू नये. आमची यादी फलकावर लागली तर त्यांचाच मान वाढेल.

पालकांना आम्ही उपदेश करणार नाही. एवढेच सांगू, की भारतीय परिषदेची, राज्य परिषदेची आणि विद्यापीठाची मान्यता डोळ्यांनी पाहिल्याशिवाय रुपया देऊ नका आणि पावतीशिवाय तर मुळीच देऊ नका. बाकीचे काम आमचे, तुमचे, सगळ्या गावाचे आहे. याच कोल्हापूरने एन. डी. पाटील यांच्या नेतृत्वाखाली वर्षानुवर्षे रस्त्यावर उतरून टोल हटवला. सत्ताधाऱ्यांनी करारांचे दाखले दिले, बंदोबस्त लावला, पण शेवटी गेला तो टोल. रस्त्यावरचा नाका ज्या शहराने सोसला नाही, ते शहर आपल्या लेकींच्या वाटेवरचा नाका मुकाट्याने सोसेल, असा कोणाचा समज असेल तर तो त्याने आजच सोडावा. मंत्र्यांनी येत्या प्रवेशाच्या आधी सह्या कराव्यात. न केल्यास हिशेब कोल्हापूर करील.