कुऱ्हाड कोणी धरायची?

'आता तुम्ही काही करू नका, नुसते बसा,' हे वाक्य वयोवृद्ध आईवडिलांना ऐकवणे म्हणजे मायेची परिसीमा, अशी आपल्याकडे सर्वसाधारण समजूत आहे. या वाक्यामागच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु त्याच्या परिणामाविषयी मात्र विचार व्हायला हवा. माणसाच्या हातून कष्ट काढून घेताना त्या कष्टांशी जोडलेला निवाडाही आपण काढून घेतो, आणि निवाडा गेलेले माणूस घरात असूनही घरच्या कारभाराबाहेर फेकले जाते. हे दोन वेगळे करता येतात, आणि केले पाहिजेत, असे आमचे म्हणणे आहे. ते सांगण्यासाठी आम्ही एक अगदी साधे काम निवडले आहे: पावसाळ्यापूर्वी सरपण फोडून रचून ठेवणे.

देहूसारख्या गावात आज सरपण कशाला, असा प्रश्न कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या कारखान्यांनी वेढलेल्या या गावाची आता नगरपंचायत झाली आहे, आणि 2021-22 च्या हिवाळ्यात तिची पहिली निवडणूकही झाली. स्वयंपाक गॅसवरच होतो. तरीही जुन्या घरांच्या परसात पाणी तापवायचे चुलाणे किंवा तांब्याचा बंब टिकून आहे, आणि त्याला लाकूड लागते. त्याचे वेळापत्रकही ठरलेले असते. ज्येष्ठ वद्य सप्तमीला तुकोबांच्या पालखीचे प्रस्थान होते. त्या दिवसांत पाऊस केव्हाही गाठतो. म्हणून पालखी हलण्याआधी लाकूड फोडून आडोशाला गेले पाहिजे, असा आमच्या घरचा दंडक आहे. ही बेगमी साधली नाही, तर श्रावणात ओल्या लाकडाचा धूर आणि कोमट पाणी एवढेच पदरी पडते.

आम्ही भावंडे वडिलांना 'अण्णा' म्हणतो. पिंपरीतल्या एका कारखान्यात त्यांनी नोकरी केली. शेती आणि कुऱ्हाड ही नोकरीबाहेरची कामे. आज त्यांचे वय 78 आहे. गुडघे आणि खांदे साथ देत नाहीत, पण लाकडाकडे पाहण्याची नजर पूर्वीइतकीच तीक्ष्ण आहे. ओंडका समोर आला की ते आधी त्याच्या कापलेल्या तोंडाकडे पाहतात. वाळताना गाभ्याकडून सालीकडे गेलेल्या भेगा कोठे आहेत, गाठ कोणत्या अंगाला आहे, हे ठरवल्याशिवाय घाव घालू देत नाहीत. 'अरे, शीर बघ आधी, मग हाण,' हे त्यांचे ठरलेले बोलणे. मोठ्या ओंडक्याच्या मध्यावर जोर न दाखवता कडेकडेने ढलप्या काढाव्यात. गाठीशी झगडू नये, तिला वळसा घालावा. पाय फाकवून असे उभे राहावे की चुकलेला घाव नडगीवर न येता जमिनीत जाईल. बाभूळ जरा ओली असतानाच फोडावी, कारण ती वाळली की दगड होते. ही सगळी विद्या हातांतून आली असली, तरी हात थकल्यावर ती नष्ट होत नाही, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे.

म्हणून आम्ही कामाची नव्याने वाटणी केली. कुऱ्हाड, घण आणि पाचर आमच्याकडे. ओंडका कसा ठेवायचा आणि घाव कोठे पडायचा, हे ठरवणे अण्णांकडे. रचण्याचे काम मात्र सर्वस्वी त्यांच्या हुकमतीत. रचणे हे फोडण्यापेक्षा हलके काम आहे असे समजले जाते. अंगमेहनतीच्या दृष्टीने ते खरे असेल, परंतु सरपणाचे भवितव्य तेथेच ठरते. ताज्या लाकडाच्या वजनातला निम्म्याच्या आसपास भाग पाणी असू शकतो, आणि ते 20 टक्क्यांच्या खाली उतरल्याशिवाय लाकूड नीट जळत नाही. ते उतरते वाऱ्याने. तेव्हा थप्पी भिंतीला चिकटवायची नाही. वाळवी आणि ओल यांच्यासाठी खाली दगड घालायचे. दोन्ही टोकांना आडवी-उभी लाकडे घालून धर द्यायचा. वरच्या थरात साल आभाळाकडे ठेवायची, म्हणजे पाणी निथळते. आणि थप्पीत हात घालण्यापूर्वी काठीने ठोकायचे, कारण विंचवाला आणि घोणशीलाही कोरडी जागा आवडते.

या वाटणीत धाकट्यांच्या वाट्याला नुसती ताकद येते, असेही नाही. आता देहूच्या परसात येणारे सारे लाकूड बांधावरचे नसते. उभे झाड तोडायचे तर परवानगी लागते. वादळात मोडलेली बाभूळ वा सुबाभूळ दरवर्षी मिळतेच असे नाही. मग चाकण-तळवड्याच्या कारखान्यांतून भंगारात निघालेल्या खोक्यांच्या आणि पॅलेटच्या फळ्या येतात. अण्णांच्या लेखी ती सारी 'पाइनची फळी': भुरकन पेटते, भुरकन विझते, निखारा धरत नाही. परंतु त्या फळ्यांवर एक शिक्का असतो. परदेशी जाणाऱ्या लाकडी बांधणीतून कीड पसरू नये म्हणून 2002 साली ठरलेल्या आंतरराष्ट्रीय नियमाचा तो शिक्का. त्यावर 'एचटी' असेल तर लाकूड उष्णता देऊन निर्जंतुक केलेले असते. 'एमबी' असेल तर मिथिल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली असते, आणि ते चुलीत घालू नये. रंगवलेली फळी आणि प्लायवुडही नको. हे वाचणे आमचे काम. बाभळीची शीर त्यांनी सांगावी आणि फळीवरचा शिक्का आम्ही सांगावा, अशा देवाणघेवाणीत कोणीही नुसता ऐकणारा उरत नाही.

येथे एक आक्षेप संभवतो, आणि तो गंभीर आहे. सरपणाचे असे कौतुक करणे म्हणजे दारिद्र्याचे उदात्तीकरण नव्हे काय? डोक्यावर मोळी घेऊन मैलोगणती चालणाऱ्या आणि चुलीच्या धुरात डोळे व फुफ्फुसे गमावणाऱ्या बायकांनी हे काम छंद म्हणून केलेले नाही. उज्ज्वला योजना 2016 मध्ये सुरू झाली, तरी 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातली सुमारे 59 टक्के कुटुंबेच स्वच्छ इंधनावर स्वयंपाक करीत होती. नॉर्वेत लार्स मिटिंग यांचे लाकूड फोडण्या-रचण्यावरचे पुस्तक 2011 साली निघाले आणि गाजले. 2013 मध्ये तेथील सरकारी दूरचित्रवाणीने या विषयावर बारा तासांचा कार्यक्रम दाखवला, आणि साल वर हवी की खाली, यावरून प्रेक्षक हिरिरीने भांडले. असा लळा लागायला आधी धुरातून सुटका व्हावी लागते. आमच्या गावाचेच पाहा. भंडाऱ्याच्या डोंगरावर तुकोबांसाठी भाकरी घेऊन जाणारी आवली परंपरेने लक्षात ठेवली. त्या भाकरीखालचे सरपण कोणी आणले, हे मात्र कोणी नोंदले नाही. हा आक्षेप आम्हाला मान्य आहे. म्हणूनच आमच्या घरातली भाकरी गॅसवर होते आणि चुलाणे उघड्यावर आहे. उद्या सौर बंब आला तर चुलाणे मोडायलाही आमची हरकत नाही. आमचा आग्रह लाकडासाठी नाही, माणसासाठी आहे.

दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा. वृद्ध माणसाचा तोल जातो, घाव चुकतो, एका पडण्याने अंथरूण धरावे लागते. त्यामुळे 'त्यांच्या मनासाठी' म्हणून कुऱ्हाड त्यांच्या हाती देणे हा भाबडेपणा होय. पण थकलेल्या हातात कुऱ्हाड देणे आणि थकलेल्या माणसाला खाटेवर बसवून ठेवणे, या दोनच वाटा आहेत असे समजण्याचे कारण नाही. मधली वाट थोडी गैरसोयीची आहे, एवढेच. निवाडा त्यांचा असे एकदा म्हटले, की तो पाळावा लागतो. मागच्या वर्षी थप्पी एका बाजूला कलते आहे असे अण्णांचे मत पडले. आम्हाला ती सरळ दिसत होती. तरीही अर्धी उतरवून पुन्हा रचली, दुपार गेली. ही दुपार देण्याची तयारी नसेल, तर विचारणे हा नुसता उपचार ठरतो, आणि म्हातारी माणसे उपचार तत्काळ ओळखतात.

आणखी एक गोष्ट. काम करता करता अण्णा कधी सहज म्हणतात, 'ही जाड लाकडं राहू द्या, माझ्या वेळेला होतील.' अशा बोलण्यावर 'काहीतरीच काय बोलता' असे म्हणून विषय बंद करण्याची आपली रीत आहे. सरपण आणि सरण हे शब्द इतके जवळचे असताना लाकडे हाताळणाऱ्या वृद्धाच्या मनात तो विचार यावा, यात अभद्र काही नाही. खाटेवर बसवलेल्या माणसाला हे बोलायला निमित्त सापडत नाही. समोरासमोर विचारले तर तो हसून टाळतो. हाताला काम असताना, नजर लाकडावर असताना, ते बोलणे सोपे होते, आणि ऐकणेही. आम्ही 'बरं' म्हणतो आणि पुढचे लाकूड देतो.

प्रत्येक घरात सरपण नसते. परंतु प्रत्येक घरात असे काही तरी असते, ज्यात वृद्धांची नजर आपल्यापेक्षा तयार आहे: लोणच्याच्या कैऱ्या निवडणे, बियाणे पारखणे, जुने कागद लावणे. त्यातले ओझे आपण उचलावे. शेवटचा शब्द मात्र त्यांच्याकडे राहू द्यावा, आणि तो आपल्याला पटला नाही तरीही मानावा. विश्रांती देणे सोपे आहे. तिला फारसे काही लागत नाही. मान द्यायचा तर आपला वेळ मोडावा लागतो.