बोलपट, दूरदर्शन आणि आमचा इतिहास

राष्ट्राचा इतिहास पूर्वी बखरींत व पोथ्यांत राहात असे. बखर लिहिणाराच्या घरी असे, नांगर धरणाराच्या घरी नसे. सबब आपल्या वाडवडिलांनी काय सोसले व काय घडविले यांपैकी पुष्कळसे बुडाले. पुढे चित्रपट निघाला व त्याच्या मागून दूरदर्शन आले. ज्यास अक्षर येत नाही त्यासही डोळ्यांनी वाचता येईल अशी ही नवी बखर होय. म्हणून ती कोण लिहितो, तीत कोण दिसतो आणि ती कोण सांभाळतो, हे तीन प्रश्न शेतकऱ्याने व कारागिराने विचारलेच पाहिजेत.

नाशिक जिल्ह्यास तर हा विचार टाळता येतच नाही. दादासाहेब फाळके १८७० साली त्र्यंबकेश्वरी जन्मले व १९४४ साली नाशकात वारले. त्यांचा 'राजा हरिश्चंद्र' १९१३ च्या मे महिन्यात मुंबईत लागला, आणि त्यानंतर त्यांनी आपला कारखाना नाशकास आणिला. भांडवल मिळविण्यासाठी त्यांनी प्रथम काय दाखविले? वाटाण्याच्या दाण्यास कोंब फुटून वेल कसा वाढतो ते रोज थोडे थोडे टिपून दाखविले. पेरणी करणाराने जन्मभर पाहिलेली गोष्ट, पण ती पाहून पैसेवाला थक्क झाला. त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई यांनी दागिने दिले, फितीस भोके पाडली व साऱ्या मंडळींचा स्वयंपाक केला. तारामतीच्या कामास बाई मिळेना, तेव्हा खाणावळीत काम करणारे साळुंके तारामती झाले. पहिल्या चित्रपटात असे कष्टाचे हात होते.

आता त्याची अवस्था ऐका. चार रिळांच्या त्या चित्रपटाची पहिले व शेवटचे अशी दोनच रिळे आज उरली आहेत. १९३१ सालच्या 'आलम आरा' या पहिल्या बोलपटाची एकही प्रत हाती नाही. आपल्या देशात सुमारे १३०० मूकपट निघाले, त्यांतले फारच थोडे वाचले. जुनी फीत वाळल्या कडब्यासारखी पेट घेई. शिवाय तीत चांदी असे, म्हणून मालक जुनी रिळे मोडीत काढून चांदी वेगळी करीत. सरकारी चित्रपट संग्रहालय पुण्यास निघाले ते १९६४ साली, म्हणजे फाळके वारल्यावर वीस वर्षांनी. पी. के. नायर यांनी गावोगाव हिंडून जे मिळेल ते जमा केले नसते तर एवढेही राहिले नसते. २००३ साली तेथेही आग लागून जुन्या फितींचा मोठा साठा जळाला.

या बुडालेल्या धनात आपल्या घरचे काय होते? कोल्हापूरचे बाबूराव पेंटर हे मिस्त्री घराण्यातले कारागीर. त्यांनी चित्रपटाचा कॅमेरा आपल्या हातांनी बनविला. त्यांनी १९२५ साली 'सावकारी पाश' काढला. सावकाराने जमीन गिळल्यावर गाव सोडून शहरात मजुरीस जाणारा शेतकरी, ही त्याची कथा. आणि शेतकऱ्याचे काम केले व्ही. शांताराम यांनी. १८७५ साली पुणे व नगर जिल्ह्यांतील शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रे जाळली, त्यास तेव्हा पन्नासच वर्षे झाली होती. तो मूकपट आज नाही. देवादिकांचे चित्रपट गेले तरी त्या कथा पोथ्यांत आहेत, कीर्तनात आहेत. आपल्या कर्जाची कथा मात्र कोणत्याही पोथीत नव्हती. ती एका फितीवर होती, आणि ती फीत गेली.

कोणी म्हणेल, पोटास नाही तेथे जुनी चित्रे कशास सांभाळावी? त्यास आमचे उत्तर असे. सातबारा हरवला म्हणजे जमीन आपली असूनही कोर्टात तोंड उघडता येत नाही. इतिहासाचेही तसेच आहे. पुरावा ज्याच्या हाती, गोष्ट त्याच्या मनाजोगी.

हे ज्यांनी ओळखले त्यांनी पदरमोड केली. १९५६ च्या डिसेंबरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची अंत्ययात्रा मुंबईत निघाली, तेव्हा नामदेवराव व्हटकर यांनी आपल्या छापखान्यावर पैसे उभे करून तिचे चित्रण करविले. लाखो माणसांचा तो शोक आज आपण पाहतो तो त्यांच्यामुळे. आचार्य अत्रे यांनी १९५४ साली 'महात्मा फुले' काढला, त्यात गाडगेबाबांचे कीर्तन आहे. बाबा १९५६ साली गेले, पण त्यांचे बोलणे-चालणे नातवंडांस दाखविता येते.

याउलट २०२५ साली 'फुले' हा हिंदी चित्रपट निघाला, तेव्हा काय झाले? काही ब्राह्मण संघटनांनी आक्षेप घेतला, प्रदर्शन दोन आठवडे लांबले, आणि परिनिरीक्षण मंडळाने जातींची नावे व पेशवाईचा उल्लेख बदलावयास लाविले. ज्या नावाने माणसास पाणवठ्यावरून हाकलीत, ते नाव पडद्यावर ऐकू आले तर कोणाचे काय बिघडते? जोतीरावांचे चरित्र दाखवावयाचे आणि ते कशाशी झगडले ते झाकावयाचे, हा कोठला न्याय? दोष जातीत जन्मण्याचा नव्हे, खरे झाकण्याचा आहे. अत्रे जन्माने ब्राह्मणच होते, पण त्यांनी फुले दाखविले. गुणाला आम्ही जात लावीत नाही. मग इतरांनी सत्यास का लावावी?

दूरदर्शनाची गोष्ट निराळी नाही. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. 'आमची माती आमची माणसं' या कार्यक्रमाने शेतकऱ्यास पडद्यावर बसविले. १९८८ साली श्याम बेनेगल यांच्या 'भारत एक खोज' या ५३ भागांच्या मालिकेत राजे-रजवाड्यांबरोबर जोतीरावही आले. परंतु फीत महाग म्हणून त्या काळचे पुष्कळ कार्यक्रम पुसून त्याच फितीवर नवे भरले गेले. खडूची पाटी पुसावी तसे.

मग करावे काय? गुजरातच्या शेतकऱ्यांकडे पाहा. १९७६ साली पाच लाख दूधउत्पादकांनी माणशी दोन रुपये देऊन 'मंथन' काढविला, आणि पडद्यावर निर्माते म्हणून त्यांचेच नाव लागले. २०२४ साली त्याची प्रत नव्याने दुरुस्त होऊन फ्रान्सातील कान येथे दाखविली गेली. आमच्या द्राक्षवाल्यांस व कांदेवाल्यांस दोन रुपये जड नाहीत. जड आहे ती एकी. केंद्र सरकारने २०२२ साली सुमारे २२०० जुन्या चित्रपटांच्या दुरुस्तीसाठी ३६३ कोटी रुपये जाहीर केले. हा पैसा रयतेचा आहे. त्यात रयतेचे चित्रपट किती, हे आपल्या आमदार-खासदारांस विचारावे. फाळक्यांच्या नाशकात जिल्ह्याचे एक चित्रसंग्रहालय असावे आणि गावच्या शाळेस तेथील प्रत मागताच मिळावी, ही मागणी ग्रामसभेच्या ठरावाने करावी.

आणि घरचे काम सरकारवर टाकू नये. आज घरोघर फोन आहे. येवल्याचा पैठणी विणणारा, नाशकातला तांबट, गावचा कुंभार, जात्यावर ओव्या म्हणणारी आजी, यांचे काम व बोलणे टिपून ठेवा. मात्र नुसते टिपून भागत नाही. फोन बिघडला की सारे गेले. माणसाचे नाव, गाव व साल लिहून दोन ठिकाणी प्रती ठेवा, त्यांतली एक शाळेत ठेवा. मुलांस हे काम लावा. त्यांस ते आपल्यापेक्षा लवकर येते. बियाणे जसे पुढच्या हंगामासाठी राखता, तसे हेही राखा. जात्यावरची आजी पुढच्या साली असेलच असे नाही.